लॅक्टोजची कळ: एका शोधाचा कागदोपत्री माग

१९८७ साली फ्रेंच जीवशास्त्रज्ञ फ्रांस्वा जाकोब यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात जुलै १९५८ मधल्या एका रविवारची हकीकत आहे. दुपारी जाकोब पत्नी लीझ यांच्याबरोबर सिनेमाला बसले होते, पण लक्ष पडद्याकडे नव्हते. अंधारात त्यांना एकाएकी उमगले, की जीवाणूच्या पोटात निपचित पडून राहणारा विषाणू आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारे एन्झाइम या दोन्ही गोष्टी एकाच तऱ्हेने आवरल्या जात असणार. जनुकावरच एक कळ असते. ती दाबलेली असेल तर जनुक बंद, सुटली की चालू.

पेशीतली जनुके केव्हा बोलतात आणि केव्हा गप्प बसतात, या विषयाचा इतिहास सांगताना ही हकीकत हमखास येते. ती खोटी मानण्याचे कारण नाही. मात्र ती घटनेनंतर २९ वर्षांनी लिहिलेली आहे, आणि तोवर लेखकाला नोबेल मिळून बावीस वर्षे झाली होती. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला घेतली, तेव्हा मराठी वाचकाला एक शिस्त लागली: बखर जरूर वाचावी, पण घटनाक्रम ठरवायचा तो समकालीन अस्सल पत्रावरून. आत्मचरित्र ही शास्त्रज्ञाने स्वतः लिहिलेली स्वतःची बखर. तिला तिचा मान द्यावा आणि मग दप्तर उघडावे.

या प्रकरणाचे दप्तर चांगलेच भरलेले आहे. फ्रेंच विज्ञान अकादमीच्या 'कोंत रांद्यू' या कार्यवृत्तात आलेली तीन-चार पानी टिपणे सर्वांत वरच्या दर्जाची, कारण ती काम चालू असतानाच छापली गेली. त्यानंतर नियतकालिकांतले मोठे निबंध. मग डिसेंबर १९६५ ची नोबेल व्याख्याने. ती निम्मी पुरावा आणि निम्मी आठवण आहेत. कॅलिफोर्नियातल्या उत्तरार्धासाठी शोधनिबंधांच्या जोडीला बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयाने नोंदवलेल्या प्रदीर्घ मुलाखती आणि एक न्यायालयीन निकालपत्र आहे. हे सगळे तारखेवार लावले की सिनेमागृहातल्या एका क्षणाऐवजी वीस वर्षांची वाटचाल दिसते. शिवाय ही कळ औषधनिर्मितीच्या कारखान्यात कशी पोचली, तेही कळते.

वाढीच्या आलेखातला खळगा

पहिला कागद १९४१ चा. पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. सॉर्बोनमध्ये डॉक्टरेटचे काम करणाऱ्या जाक मोनो यांनी 'कोंत रांद्यू'मध्ये तीन पानांचे टिपण छापले. जीवाणूंना दोन साखरा एकत्र दिल्या, तर काही जोड्यांच्या बाबतीत त्यांची वाढ सलग होत नाही. आधी ग्लुकोज संपेपर्यंत संख्या वाढते, मग वाढ थबकते, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या साखरेवर ती पुन्हा सुरू होते. आलेखात दोन चढ आणि मध्ये एक सपाटी. १९४२ साली छापलेल्या प्रबंधात हा प्रकार सविस्तर आला.

टिपणाचा विषय जीवाणूंची वाढ हा आहे. जनुकांचे नियंत्रण हा प्रश्न त्यात मांडलेला नाही. तो धागा आपल्याला मिळतो १९६५ च्या नोबेल व्याख्यानात. मोनो सांगतात, की डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी हे आलेख पाश्चर संस्थेतल्या आंद्रे ल्वॉफ यांना दाखवले. ल्वॉफ म्हणाले, याचा एन्झाइमांच्या अनुकूलनाशी संबंध असावा. त्यावर मोनोंनी विचारले, ते काय असते? पंचवीस वर्षांनंतरची ही आठवण आहे, पण सांगणारा त्यात स्वतःचे अज्ञान कबूल करतो. आपली बाजू सजवण्यासाठी कोणी अशी आठवण रचत नाही, म्हणून तिला वजन द्यायला हरकत नाही.

पुढची चार वर्षे मोनो फ्रेंच प्रतिकार चळवळीत होते. त्याच व्याख्यानात ते सांगतात, की युद्धाच्या अखेरीस अमेरिकन लष्कराच्या फिरत्या ग्रंथालयात त्यांना 'जेनेटिक्स' या नियतकालिकाचा एक अंक मिळाला. साल्व्हादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्र्युक यांचा जीवाणूंच्या उत्परिवर्तनांवरचा १९४३ चा निबंध त्यात होता. जीवाणूंनाही जनुके असतात आणि त्यांच्यावर आनुवंशशास्त्राचे प्रयोग करता येतात, हे त्यातून स्पष्ट होत होते. युद्ध संपल्यावर मोनो ल्वॉफ यांच्या विभागात पाश्चर संस्थेत आले.

पुढच्या दशकातले कागद चिकाटीचे आहेत आणि वाचायला रुक्ष. त्यांतल्या दोन गोष्टी इथे लागतात. पहिली १९५५ ची. डेव्हिड हॉग्नेस, मेल्व्हिन कोन आणि मोनो यांनी किरणोत्सारी गंधक वापरून दाखवले, की लॅक्टोजसारखा पदार्थ मिळाल्यावर ई. कोलाय जीवाणू बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम नव्याने बांधतो. आधीच तयार असलेल्या कुठल्या अर्धवट प्रथिनाचे रूप तो बदलत नाही. त्यामुळे 'एन्झाइम साखरेला जुळवून घेते' ही जुनी समजूत मोडली आणि प्रश्न जनुकाच्या दारात येऊन उभा राहिला. दुसरी गोष्ट १९५६ ची: लॅक्टोज पेशीच्या आत आणणारे एक वेगळे प्रथिन सापडले. एन्झाइम आणि हे वाहक प्रथिन, दोन्ही एकाच इशाऱ्यावर एकदम तयार होत. दोन जनुकांना एकाच वेळी कोण हाक मारते, हा प्रश्न तिथून पुढे टाळता येण्यासारखा नव्हता.

पार्डी, जाकोब, मोनो

उत्तराकडे नेणारा प्रयोग १९५७ च्या अखेरीस झाला. बर्कलीहून वर्षभरासाठी आलेले आर्थर पार्डी, मोनो आणि जाकोब असे तिघे त्यात होते. जाकोब १९४४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीत बॉम्बहल्ल्यात जबर जखमी झाले होते. सर्जन होण्याची वाट त्यामुळे बंद झाली आणि १९५० मध्ये ते ल्वॉफ यांच्याकडे आले. एली वोलमान यांच्याबरोबर त्यांनी एक तंत्र हाताशी आणले होते: नर जीवाणूकडून मादी जीवाणूत जनुके ओळीने जात असतात आणि कोणते जनुक किती मिनिटांनी पोचते हे मोजता येते.

मोनोंच्या प्रयोगशाळेत काही बिघडलेल्या वाणांची जोपासना झाली होती. नेहमीचा जीवाणू लॅक्टोज मिळाल्यावरच एन्झाइम बनवतो; हे वाण ते कायम बनवत राहत. बिघाड एन्झाइमच्या जनुकात नसून शेजारच्या एका वेगळ्या जनुकात होता. त्याला 'आय' म्हणत, एन्झाइमच्या जनुकाला 'झेड'. 'आय' काय करतो याबद्दल दोन शक्यता होत्या. बिघडलेला 'आय' पेशीच्या आतच लॅक्टोजसारखा एखादा चेतवणारा पदार्थ बनवत असेल, ही एक. निरोगी 'आय' एन्झाइमला रोखणारा पदार्थ बनवत असेल आणि बिघाडामुळे ती रोख उठत असेल, ही दुसरी. मोनोंचा ओढा बराच काळ पहिल्या शक्यतेकडे होता, आणि नोबेल व्याख्यानात ते हे लपवत नाहीत.

प्रयोगात निरोगी 'आय' आणि निरोगी 'झेड' नराकडून अशा मादीत पाठवले, जिच्यात दोन्ही बिघडलेले होते. लॅक्टोज दिलेले नव्हते. 'झेड' पोचल्यावर काही मिनिटांतच एन्झाइम बनू लागले. पुढच्या तास-दोन तासांत मात्र ते बनणे थांबले, आणि त्यानंतर चेतवणारा पदार्थ घातला तरच पुन्हा सुरू झाले. जनुकांची दिशा उलटी केली, म्हणजे बिघडलेली जनुके निरोगी मादीत पाठवली, तर काहीच घडत नव्हते. दोन्ही निकाल एकत्र वाचले की अर्थ लागतो. निरोगी 'आय' काहीतरी रोखणारे बनवतो, ते पेशीद्रव्यात साठायला वेळ लागतो, आणि साठले की जनुक बंद पडते. निरोगी मादीच्या पेशीद्रव्यात ते आधीपासूनच भरलेले असते.

या निष्कर्षाचे श्रेय कोणाचे? नोबेल व्याख्यानात मोनो एक नाव घेतात: लिओ सिलार्ड. भौतिकीतून जीवशास्त्रात आलेले सिलार्ड पॅरिसला आले असताना एका चर्चेत म्हणाले, की लॅक्टोज एन्झाइमला चेतवत नसून रोखणाऱ्यालाच रोखत असेल. तेव्हा पहिले निकाल हाती आले होते, पण अर्थ ठरला नव्हता. १९५९ मध्ये 'जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी'त आलेल्या तिघांच्या निबंधात दोन्ही शक्यता शेजारी शेजारी मांडल्या आहेत आणि कौल रोखणाऱ्याच्या, म्हणजे रिप्रेसरच्या, बाजूने दिला आहे. निबंध आणि आठवण इथे एकमेकांना दुजोरा देतात.

रविवार नेमका कशाचा?

आता त्या सिनेमाकडे वळू. हकीकतीतली जुलै १९५८ ही वेळ या प्रयोगानंतरची आहे. रिप्रेसर असावा ही कल्पना तोवर टेबलावर आली होती, तेव्हा ती रविवारची असू शकत नाही. रविवारी सुचली ती पुढची पायरी: हा रिप्रेसर काम करतो ते थेट डीएनएवर, आणि विषाणूचे प्रकरणही असेच चालते. त्या सप्टेंबरात जाकोब यांनी न्यूयॉर्कला हार्वे व्याख्यान दिले, त्यात विषाणू आणि एन्झाइम यांची ही सांगड आहे. म्हणजे आत्मचरित्रातल्या तारखेला जवळच्या काळातला आधार मिळतो. मात्र व्याख्यान छापून आले १९६० मध्ये. त्यातला प्रत्येक शब्द सप्टेंबर १९५८ चाच असे धरता येत नाही.

अंधारात सुचलेल्या कल्पनेला पुरावा लागत होता, आणि तो रचण्यात दीड वर्ष गेले. रिप्रेसर डीएनएवर एखाद्या नेमक्या जागी बसत असेल, तर ती जागा बिघडलेले वाण सापडायला हवेत. त्यांच्यात रिप्रेसर चांगला असूनही जनुक बंद होणार नाही. आणखी एक भाकीत निघत होते: रिप्रेसर पेशीभर फिरतो, म्हणून पेशीत या जनुकांच्या दोन प्रती ठेवल्या तर 'आय'चा परिणाम दोन्हींवर होतो, जागेचा बिघाड मात्र ज्या डीएनएवर असेल त्याच धाग्यापुरता राहील. असे वाण सापडले आणि ते भाकिताप्रमाणेच वागले. त्या जागेला 'ऑपरेटर' आणि तिच्या हुकमाखाली एकत्र चालणाऱ्या जनुकांच्या गटाला 'ऑपेरॉन' ही नावे रूढ झाली. जाकोब, डेव्हिड पेरँ, कार्मेन सांचेझ आणि मोनो यांचे हे तीन पानी टिपण १९६० च्या 'कोंत रांद्यू'त आहे. चार सह्यांच्या या कागदावरचा तपशील आत्मचरित्राच्या एका दुपारीत मावणारा नव्हता.

सगळी मांडणी एकत्र आली १९६१ मध्ये. जाकोब आणि मोनो यांचा ३९ पानी निबंध २८ डिसेंबर १९६० रोजी संपादकांकडे पोचला, अशी नोंद त्यावर आहे. रिप्रेसर, ऑपरेटर, आणि जनुकाचा मजकूर प्रथिन बांधणाऱ्या यंत्रणेपर्यंत नेणारा संदेशवाहक आरएनए, हे तिन्ही त्यात आहेत. शेवटाकडे एक महत्त्वाचे विधान येते: जनुकसंचात प्रथिनांचे आराखडे तर असतातच, पण ते केव्हा आणि किती अमलात आणायचे याचा कार्यक्रमही तिथेच असतो. कर्करोगाचा ओझरता उल्लेखही आहे. वाढ आवरणारी अशी यंत्रणा मोडली की पेशी मोकाट सुटत असेल, असा. जीवाणूकडून औषध बनवून घेण्याचा विचार मात्र या निबंधाचा नाही.

पाठ्यपुस्तकांत सहसा न येणारी एक गोष्टही या निबंधात आहे. रिप्रेसर कशाचा बनलेला असेल यावर लेखकांचा तात्पुरता अंदाज होता आरएनए. प्रथिननिर्मिती थांबवूनही रिप्रेसरचे काम थांबत नाही असे काही प्रयोग तेव्हा सांगत होते, म्हणून तो अंदाज. तो चुकला. १९६६ मध्ये हार्वर्डला वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी रिप्रेसर प्रत्यक्ष वेगळा काढला. आयपीटीजी हा लॅक्टोजसारखा दिसणारा पण जीवाणूला पचवता न येणारा पदार्थ किरणोत्सारी करून घेतला, आणि तो ज्याला चिकटतो ते हुडकले. निघाले प्रथिन, एका जनुकामागे जेमतेम दहा रेणू. इतक्या तुटपुंज्या रेणूंमुळेच ते इतकी वर्षे निसटत राहिले होते. १९७३ मध्ये गिल्बर्ट आणि ॲलन मॅक्सम यांनी ऑपरेटरचा क्रमही वाचला: डीएनएच्या अक्षरांच्या २४ जोड्या.

मोनोंच्या १९४१ च्या आलेखातला मूळ खळगा या कळीने अर्धाच सुटला. ग्लुकोज असताना लॅक्टोजची जनुके का गप्प राहतात, यासाठी १९६८ नंतर उलट जातीचे नियंत्रण पुढे आले. पेशीतल्या एएमपी या रेणूचा एक वलयाकार प्रकार आणि त्याला धरून काम करणारे प्रथिन जनुकाला चालना देतात. रोखण्याने सगळे समजते हा १९६१ चा सूर तेवढा खाली आला.

कॅलिफोर्नियातले एकवीस

१९७६ मध्ये तीन घटना पाठोपाठ घडल्या. एप्रिलमध्ये गुंतवणूकदार रॉबर्ट स्वॉन्सन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जैवरसायनज्ञ हर्बर्ट बॉयर यांनी जेनेंटेक ही कंपनी स्थापन केली. मेअखेरीस मोनो वारले. आणि त्याच वर्षी 'नेचर'मध्ये हर्बर्ट हेनेकर, आर्थर रिग्ज, केइची इताकुरा, बॉयर प्रभृतींचा एक निबंध आला. त्याचा विषय होता रासायनिक पद्धतीने जोडून बनवलेला लॅक, म्हणजे लॅक्टोजच्या जनुकांचा, ऑपरेटर. लांबी २१ जोड्या.

या निबंधाकडे इतिहासात कमी लक्ष जाते, पण पॅरिस आणि कारखाना यांना जोडणारा अस्सल कागद हाच आहे. प्रयोगशाळेच्या बाटलीत जुळवलेला तुकडा खऱ्या पेशीत काम करतो का, हा त्याचा प्रश्न. परीक्षा अशी: तुकडा प्लास्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यावर चढवून जीवाणूत घातला. पेशीत प्लास्मिडच्या अनेक प्रती असतात, रिप्रेसर मोजके. नकली ऑपरेटरांनी रिप्रेसर आपल्याकडे ओढून घेतले, जीवाणूच्या स्वतःच्या जनुकावरची रोख उठली आणि एन्झाइम बनू लागले. एन्झाइमने निळा रंग सोडणारे द्रव्य बशीत असल्याने अशा वसाहती निळ्या दिसल्या. या परीक्षेतले जवळजवळ प्रत्येक पाऊल, म्हणजे रिप्रेसरची मोजकी संख्या, ऑपरेटरचा क्रम, एन्झाइम मोजण्याची रीत, आधीच्या वीस वर्षांत लॅक्टोजवर काम करणाऱ्यांनी ठरवलेले होते. रिग्ज स्वतः लॅक रिप्रेसरवर काम करून आले होते.

मग हे हत्यार कशावर चालवायचे? रिग्ज आणि इताकुरा लॉस एंजलिसजवळच्या सिटी ऑफ होप या वैद्यकीय केंद्रात होते. सोमॅटोस्टॅटिन हे चौदा अमिनो आम्लांचे मेंदूतले संप्रेरक जीवाणूकडून बनवून घ्यावे, असा त्यांचा बेत होता. सरकारी अनुदानाचा अर्ज नामंजूर झाला, असे रिग्ज यांनी पुढे सांगितले. पैसा जेनेंटेकने दिला. ९ डिसेंबर १९७७ च्या 'सायन्स'मध्ये निबंध आला. बातमी मात्र त्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, अमेरिकी सेनेटच्या उपसमितीसमोर जनुक-संकरणाच्या संशोधनावर कायदा करावा की नाही याची सुनावणी चालू असताना देण्यात आली होती. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे: सहकारी शास्त्रज्ञांनी निबंध वाचण्याआधी त्याचा दाखला राजकीय वादात वापरला गेला.

निबंध वाचला तर यशामागचे अपयशही दिसते. पहिल्या रचनेत संप्रेरकाचे छोटे जनुक लॅकच्या कळीला अगदी जवळ जोडले होते. संप्रेरक सापडलेच नाही. इतके लहान परके प्रथिन पेशी लगेच तोडून टाकते, असा लेखकांचा तर्क. दुसऱ्या रचनेत ते बीटा-गॅलॅक्टोसिडेजच्या जवळजवळ संपूर्ण जनुकाच्या शेपटीला जोडले. आता पेशीला दिसत होते ते तिचे ओळखीचे, हजारावर अमिनो आम्लांचे प्रथिन. सांध्यावर एक मेथिओनीन ठेवले होते. सायनोजन ब्रोमाइड प्रथिन तोडते ते मेथिओनीनपाशी, आणि सोमॅटोस्टॅटिनमध्ये मेथिओनीन नाही; त्यामुळे संप्रेरक अखंड सुटे झाले. म्हणजे पॅरिसच्या लॅक्टोजकडून कळ तर घेतलीच, ती कळ ज्याच्यासाठी होती ते एन्झाइमही संरक्षक आवरण म्हणून घेतले.

इन्सुलिन: घोषणा आणि निबंध

हीच युक्ती लगेच इन्सुलिनला लावली गेली. इन्सुलिनच्या दोन साखळ्या, २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या. दोघींची जनुके रासायनिक पद्धतीने जोडून, वेगवेगळ्या जीवाणूंत, बीटा-गॅलॅक्टोसिडेजला चिकटवून. ऑगस्ट १९७८ मध्ये जेनेंटेकचा एलाय लिली या औषध कंपनीशी करार झाला आणि ६ सप्टेंबरला सिटी ऑफ होपमध्ये पत्रकार परिषद. जीवाणूंनी मानवी इन्सुलिन बनवले, असे त्या दिवशी जगाला कळले.

डेव्हिड गेडेल आणि सहकाऱ्यांचा निबंध आला जानेवारी १९७९ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात. त्याची भाषा बेताची आहे. 'ए' साखळीचे शुद्धीकरण पूर्ण झाले, 'बी'चे अंशतः. दोन्ही मिसळून, रासायनिक क्रियेने जोडून, इन्सुलिनचे अस्तित्व प्रतिपिंडांवर आधारलेल्या किरणोत्सारी चाचणीने आढळले. घोषणा आणि निबंध एकाच घटनेबद्दल बोलतात, दोन्ही खरे आहेत, पण वजन वेगळे आहे. 'बनवले' या शब्दात बाटलीत भरलेले औषध ऐकू येते. निबंधात आहे ती चाचणीपुरती मात्रा. मधले अंतर कापायला चार वर्षे लागली. ऑक्टोबर १९८२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'ह्युम्युलिन'ला मंजुरी दिली, जनुक-अभियांत्रिकीतून आलेले माणसासाठीचे पहिले औषध म्हणून.

त्या चार वर्षांत कळही बदलली. एकवीस अमिनो आम्लांसाठी हजारावर अमिनो आम्लांचे एन्झाइम बांधायचे म्हणजे बहुतेक माल फेकण्यासाठी तयार करायचा. इन्सुलिनच्या औद्योगिक उत्पादनात पुढे ट्रिप्टोफॅन ऑपेरॉनची कळ आणि त्याच्या प्रथिनाचा छोटा तुकडा वापरण्यात आला. लॅक्टोज मागे पडले तरी पॅरिस मागे पडले नाही: ट्रिप्टोफॅन मिळाल्यावर ते बनवणारे एन्झाइम जीवाणू बंद करतो, हे १९५३ मध्ये मोनो आणि जर्मेन कोहेन-बाझीर यांनीच नोंदवले होते. १९८३ मध्ये जेनेंटेकच्या हर्मन डी बोअर आणि सहकाऱ्यांनी ट्रिप्टोफॅन व लॅक या दोहोंचे अर्धे अर्धे भाग जोडून 'टॅक' नावाची आणखी जोमदार कळ बनवली. १९८६ मध्ये ब्रुकहेवनच्या विल्यम स्टडिअर आणि बार्बरा मॉफॅट यांची प्रथिन बनवून घेण्याची टी-७ पद्धत आली. तिच्यातही मुख्य एन्झाइमवर पहारा लॅकचाच. आजही प्रथिन बनवून घेणारा संशोधक आधी जीवाणू वाढू देतो आणि मग त्यात आयपीटीजी घालतो. म्युलर-हिल आणि गिल्बर्ट यांनी किरणोत्सारी करून वापरले होते तेच रसायन.

पैशाचा माग न्यायालयात निघतो. १९७६ च्या करारानुसार सिटी ऑफ होपला विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन मिळायचे होते. जेनेंटेकने इतर कंपन्यांना दिलेल्या परवान्यांवरून वाद झाला. २००२ मध्ये ज्युरीने पन्नास कोटी डॉलरचा कौल दिला. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातली सुमारे तीस कोटींची भरपाई कायम केली आणि वीस कोटींचा दंड रद्द केला. निकालपत्र कराराचा अर्थ ठरवण्यासाठी लिहिलेले असते, शोधाचा इतिहास सांगण्यासाठी नव्हे. तरी त्यातून एक कळते: सही झाल्यावर या कामाची किंमत किती वाढली.

वारसा आणि साम्य

१९६१ च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिषदेचा समारोप करताना मोनो आणि जाकोब यांनी जनुकांची काही काल्पनिक मंडळे मांडली. त्यांपैकी एकात दोन जनुके एकमेकांचे रिप्रेसर बनवतात. पहिले चालू असेल तर दुसरे बंद राहील, आणि उलट; दोन्ही स्थिती टिकाऊ. एकाच जनुकसंचातून निरनिराळ्या पेशी कशा घडतात, याचे एक शक्य उत्तर म्हणून ते मंडळ कागदावर काढलेले होते. जानेवारी २००० च्या 'नेचर'मध्ये टिमथी गार्डनर, चार्ल्स कँटर आणि जेम्स कॉलिन्स यांनी तसले मंडळ ई. कोलायमध्ये प्रत्यक्ष बांधून दाखवले. एका बाजूला लॅक रिप्रेसर होता. त्यांच्या संदर्भांत १९६१ चा तो समारोप आहे. इथे वारसा कागदाने सिद्ध होतो.

याउलट उदाहरण २०२३ चे. सिकलसेल हा आजार विदर्भातल्या कितीतरी घरांना नावानिशी माहीत आहे. गर्भावस्थेत चालू असणारे एक हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद होते. ते पुन्हा चालू केले तर आजाराची धार कमी होते. ते बंद ठेवणाऱ्यांत बीसीएल-११-ए हे प्रथिन प्रमुख, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मंजूर केलेला 'कॅसजेव्ही' हा उपचार रुग्णाच्या मूळ रक्तपेशींत त्या प्रथिनाच्या जनुकाची चालना देणारी जागा क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने मोडतो. रोखणारा हटला की जनुक बोलू लागते. सिलार्ड यांनी पॅरिसमध्ये सांगितलेला हाच तर्क, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. तर्काचे साम्य आहे, पण हे काम रक्तविज्ञानाच्या आणि मानवी जनुकसंचाच्या अभ्यासातून स्वतंत्र वाटेने आले. साम्याला वारसा म्हणणे हीच बखरीची खोड. आणि अमेरिकेत २०२३ मध्ये २२ लाख डॉलर किंमत ठरवलेला हा उपचार विदर्भापर्यंत कसा यावा, याचे उत्तर या दप्तरात नाही.

कागदांवरून ठामपणे एवढे सांगता येते: औषध-उद्योगाने लॅक्टोजची कळ उचलली, ती उत्तम होती म्हणून नव्हे. चार वर्षांत त्याने ती इन्सुलिनसाठी बाजूलाही ठेवली. १९७६ मध्ये पेशीतल्या ज्या मोजक्या यंत्रणा टोकापासून टोकापर्यंत मोजलेल्या, बिघडवून पाहिलेल्या आणि अक्षरशः वाचलेल्या होत्या, त्यांच्यात ही अग्रभागी होती, आणि ती तशी झाली होती ते कोणाला इन्सुलिन हवे होते म्हणून नव्हे. एका सपाट झालेल्या आलेखाचे कारण सापडेपर्यंत काही माणसांनी प्रश्न सोडला नाही. उपयोग सिद्ध करा मगच पैसे देऊ, असे १९४१ च्या त्या टिपणाला कोणी म्हटले असते, तर १९७६ च्या टेबलावर ते एकवीस अक्षरी हत्यार नसते.